निदानाविना दिलेले कोटेशन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात काही दुरुस्ती निघाली की नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येक जण एकच सल्ला देतो: तिघांकडून कोटेशन घ्या, सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त बाजूला ठेवा आणि मधल्याला काम द्या. वृत्तपत्रांच्या घराविषयीच्या पुरवण्यांतही हा सल्ला फिरून फिरून छापला जातो. गेल्या काही महिन्यांत मी तो अक्षरशः पाळून पाहिला आणि त्या खटाटोपात जे ध्यानात आले, ते आपल्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र वाचकांच्या पत्रव्यवहाराच्या मानाने लांबले आहे, याची मला जाणीव आहे. माझी तक्रार कोटेशनच्या तळाशी असलेल्या रकमेविषयी नाही. त्या रकमेच्या वर जी एक ओळ असायला हवी होती आणि तिन्ही कागदांवर नव्हती, तिच्याविषयी आहे.

आमच्या दुमजली घरात खालच्या झोपायच्या खोलीच्या छताला ओल आली. सुरुवातीला बशीएवढा पिवळसर डाग होता. मग रंगाला पोपडे धरले आणि एका रात्री गिलाव्याचा वीतभर तुकडा पलंगाशेजारी येऊन पडला. या खोलीच्या वर एका अंगाला बाथरूम आहे आणि दुसऱ्या अंगाला उघडी गच्ची, त्यामुळे पाणी दोहोंपैकी कोठूनही येत असण्याचा संभव होता. पहिल्या ठेकेदारांनी दहा मिनिटांत पाहणी आटोपून संपूर्ण गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे कोटेशन दिले. दुसऱ्यांनी बाथरूमची सगळी फरशी आणि भिंतींच्या टाइल फोडून नळाचे व सांडपाण्याचे पाइप नव्याने टाकायचे सुचवले. तिसऱ्यांनी वरच्या मजल्यावर पाऊलही ठेवले नाही; छताला खालून केमिकल मारून, प्लास्टर आणि रंग करून दोन दिवसांत खोली ताब्यात देतो, असे त्यांनी लिहून दिले. पहिल्यांची रक्कम तिसऱ्यांच्या आठपट होती आणि दुसऱ्यांची या दोहोंच्या मध्ये कोठेतरी. सल्ल्याप्रमाणे मी दुसऱ्यांना बयाणा देऊन मोकळे व्हायला हवे होते. परंतु हे तीन आकडे एकाच कामाचे नव्हतेच. एकाने गच्ची आजारी ठरवली होती, दुसऱ्याने बाथरूम, तिसऱ्याने छत. आणि तसे का ठरवले, हे एकानेही कागदावर लिहिले नव्हते. रोग म्हशीला आणि औषध पखालीला अशी स्थिती असेल, तर पखालीच्या औषधाचा दर रास्त आहे की नाही, याची तीन दुकानांत चौकशी करून काय हशील?

माझी सारी नोकरी हिशेबतपासणीत गेली, त्यामुळे कागद ओळीओळीने वाचायची खोड अजून सुटलेली नाही. तिसऱ्या कोटेशनमध्ये छताचे क्षेत्रफळ १८० चौरस फूट धरले होते. खोली आतून ११ फूट बाय १२ फूट आहे, म्हणजे छत १३२ चौरस फुटांचे झाले आणि ओल लागलेला भाग तर जेमतेम १५ चौरस फूट भरला. विचारल्यावर ‘वेस्टेज धरून’ असे उत्तर आले. माल वाया जातो, हे मला मान्य आहे. परंतु छत वाया जात नाही. वाया जाणाऱ्या मालाचा खर्च दरात दाखवता येतो, तो क्षेत्रफळात दाखवला की माप आणि दर हे दोन्ही संशयास्पद होतात. दुसऱ्या कोटेशनमध्ये ‘सर्व कामांसह एकूण’ अशी एकच ओळ होती. राडारोडा उचलून नेणे त्या ‘सर्व’मध्ये येते का, नळ व शॉवर पूर्वीचेच बसवायचे की नवे, फोडाफोडीत विजेची नळी तुटली तर ती जोडून कोणी द्यायची, यांपैकी कशाचाही उलगडा त्या एका ओळीतून होत नव्हता. पहिल्या कोटेशनमध्ये दहा वर्षांची गॅरंटी ठळक अक्षरांत होती, पण ती मालाची की कामाची, गळती पुन्हा झाल्यास नुसता माल बदलून मिळणार की फोडकाम आणि मजुरीही त्यात धरली आहे, याविषयी अवाक्षर नव्हते. ‘केमिकल’ हा शब्द तर तिन्ही कागदांवर होता आणि एकाही कागदावर त्या केमिकलचे नाव, प्रकार किंवा किती हात द्यायचे ते लिहिलेले नव्हते. एवढ्यावरून कोणी लबाड ठरत नाही, हे मी मुद्दाम नमूद करते. तिघेही अनुभवी होते आणि बोलायला सौजन्यशील होते. माझा आक्षेप कागदावर आहे, माणसांवर नाही.

छताच्या ओलीबाबत घरमालकाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली पाहिजे, ती अशी की डाग जिथे दिसतो, तिथेच वर भोक असते असे नाही. पाणी स्लॅबमधल्या बारीक चिरेतून, विजेच्या नळीच्या कडेने किंवा जुन्या सांध्यातून आडवे सरकते आणि वाट मिळेल तेथे खाली उतरते. शिवाय काँक्रीट आणि गिलावा पाणी धरून ठेवतात, त्यामुळे मूळ गळती थांबल्यावरही डाग कित्येक दिवस ओला राहू शकतो आणि गळती सुरू झाल्यावरही तो उशिरा दिसू शकतो. म्हणजे डागाकडे एकदा पाहून, विशेषतः दहा मिनिटे पाहून, पाण्याचा उगम सांगणे कठीण असते. त्याच्याकडे काही दिवस पाहावे लागते. मी पेन्सिलने डागाच्या कडेने रेघ ओढून शेजारी तारीख टाकायला सुरुवात केली. घरातल्यांनी आधी थट्टा केली; नंतर तेच सकाळी उठल्याबरोबर मान वर करून पाहू लागले. सलग ११ दिवस पावसाचा टिपूस नव्हता आणि तरीही डाग दोन बोटे पुढे सरकला. संपूर्ण गच्चीच्या कोटेशनवरचा माझा विश्वास त्या दोन बोटांनी निम्म्याहून कमी केला. तो पूर्णपणे गेला नाही, कारण स्लॅबमध्ये आधी मुरलेले पाणीही उशिरा बाहेर येत असू शकते.

पुढची चाचणी आणखी सोपी होती. रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपून ठेवला आणि पहाटे कोणी नळ सोडण्यापूर्वी तो पुन्हा वाचला. आकडा हललेला नव्हता. नळाच्या पाइपमध्ये दाबाखाली पाणी असते. त्यात मीटरच्या पुढे कोठे गळती असेल तर ती रात्रंदिवस चालू राहते आणि मीटर तिची चुगली करतो. ज्यांच्या घरी पाणी गच्चीवरच्या टाकीत साठवून मग खाली येते, त्यांनी टाकीत येणारे पाणी बंद करून टाकीतल्याच पातळीवर खूण करावी, कारण त्यांचा मीटर टाकीच्या पुढचे काही सांगू शकणार नाही. सांडपाण्याच्या पाइपचे तसे नसते. त्यात पाणी फक्त वापराच्या वेळी वाहते, म्हणून त्याची गळती मीटरला कळत नाही. ती बाथरूमच्या वापराशी बांधलेली असते. मग आम्ही आठवडाभर वरचे बाथरूम बंद ठेवले आणि सर्वांनी खालचे वापरले. त्या आठवड्यात डाग पेन्सिलच्या रेघेबाहेर गेला नाही. यांपैकी कोणत्याही गोष्टीला पैसा लागला नाही, हत्यार लागले नाही. फक्त वेळ लागला. नेमका तोच वेळ फुकट पाहणीला येणाऱ्या माणसाजवळ नसतो, आणि त्याचे कारण आपणच आहोत, त्याकडे मी पुढे येतेच.

येथे एका उपकरणाविषयी लिहिणे आवश्यक वाटते. पहिल्या ठेकेदारांनी दोन टोकदार सुया असलेले ओल मोजण्याचे यंत्र भिंतीला टेकवले, ते पिकपिकले, आणि ‘पाहा, भिंतीतही ओल उतरली आहे’ असे सांगून त्यांनी भिंतीचे कामही कोटेशनमध्ये घातले. ही यंत्रे दोन सुयांमधला विजेचा रोध मोजतात आणि त्यांवरचे टक्के बहुधा लाकडासाठी बसवलेले असतात. गिलाव्यात क्षार असतील, म्हणजे ज्याला आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो तो असेल, तर भिंत फारशी ओली नसतानाही आकडा मोठा येतो. त्याच भिंतीवर वरपासून खालपर्यंत घेतलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहिले तर या यंत्राचा उपयोग होतो. एकाच जागी एकदा टेकवून काढलेला आवाज हा पुरावा नव्हे. भिंतीची ओल आतून येते की खोलीतल्या दमट हवेची वाफ गार भिंतीवर धरते, एवढेच ठरवायचे असेल, तर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावून दोन-तीन दिवस ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येत आहे, आणि खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली आहे. आमच्या भिंतीवरच्या प्लास्टिकवर कोणत्याच बाजूला काही जमले नाही.

आता स्वस्त कोटेशनकडे वळते, कारण घरमालकाचा संशय नेहमी महागाकडेच वळतो आणि स्वस्ताची तो चुकूनही उलटतपासणी करत नाही. छताचा तुकडा पडला तेथे आतली सळई दिसत होती आणि तिच्यावर गंजाची तांबडी साल होती. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू (पीएच) साधारण १२.५ ते १३ असतो आणि त्यामुळे आतल्या लोखंडावर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत जातो, काँक्रीटची अल्कधर्मिता कमी करत जातो, आणि सामू ९च्या खाली उतरला की तो थर टिकत नाही. त्यात ओल आणि प्राणवायू मिळाला की सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोनपासून सहापटीपर्यंत असते. एवढ्या फुगवट्याला आत जागा नसल्यामुळे तो काँक्रीटला बाहेर ढकलतो, आधी सळईच्या रेषेत चीर पडते आणि मग तुकडा सुटतो. अशा छतावर सळईला हात न लावता वरून गिलावा आणि रंग चढवणे म्हणजे चालू असलेली प्रक्रिया झाकून ठेवणे होय, आणि झाकलेली असल्यामुळे ती पुढच्या वेळी अधिक मोठा तुकडा खाली आणते.

अशा ठिकाणी दुरुस्ती कशी करायची, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना पुरते ठाऊक असते. हातोडीने हलके ठोकून जेथे पोकळ आवाज येतो तो सगळा भाग काढायचा, गंजलेल्या सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट मोकळे करायचे, गंज स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासायचा, सळईला संरक्षक लेप द्यायचा, दुरुस्तीसाठीचा मसाला थराथराने भरायचा आणि त्याला माल बनवणाऱ्याने सांगितलेले दिवस पाणी मारायचे किंवा झाकून ठेवायचे. सळई बरीच झिजलेली असेल तर इमारतीच्या रचनेचे ज्ञान असलेल्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जायचे नाही. रोग किती खोल गेला आहे, हे पाहायचे असेल तर नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारतात. जेथे अल्कधर्मिता शाबूत आहे तेथे गुलाबी रंग येतो आणि जेथे ती गेलेली आहे तेथे रंग येत नाही. काही मिनिटांची ही चाचणी आहे. दोन दिवसांत रंगासह खोली ताब्यात देण्याच्या आश्वासनात यांपैकी काहीही बसत नव्हते. सिमेंटला बळ येते ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेतून. ते मोजण्याचा रूढ टप्पा २८ दिवसांचा आहे आणि निदान पहिला आठवडा त्याला ओलाव्यात राहू द्यावे लागते. ओल्या गिलाव्यावर घाईने चढवलेला रंग पुन्हा फुगतो, आणि मग ‘पुन्हा गळती सुरू झाली’ म्हणून घरमालक आणि ठेकेदार दोघेही भलत्याच गोष्टीवरून भांडत बसतात. आठपट महाग कोटेशन अनावश्यक असेलही, परंतु सर्वांत स्वस्त कोटेशन धोक्याचे होते, आणि रकमांची तुलना करून मला हे कधीच कळले नसते.

या स्थितीला अर्थशास्त्रात नाव आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघांनी १९७३ साली अशा सेवांचा विचार मांडला, ज्यांचा दर्जा ग्राहकाला विकत घेण्यापूर्वी तर कळत नाहीच, पण वापरल्यानंतरही नीट कळत नाही. ज्याला दुरुस्तीची गरज सांगायची तोच दुरुस्ती करून पैसे घेणार, आणि गरज खरोखर तेवढी होती का, हे ग्राहकाला नंतरही ताडून पाहता येणार नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. माझ्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडते. मी संपूर्ण गच्ची आणि बाथरूम अशी दोन्ही कामे करून घेतली असती तर गळती थांबली असती, मी समाधानाने पैसे दिले असते आणि गच्चीचे काम नाहक केले, हे मला उभ्या जन्मात कळले नसते. उलट ओळखीपाळखीत त्या ठेकेदारांची मी शिफारस केली असती.

आता ठेकेदारांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती मांडल्याशिवाय हे पत्र एकांगी होईल. आपण त्यांना बोलावतो, ते कामाचा दिवस मोडून येतात, शिडी चढतात, मापे घेतात, संध्याकाळी हिशेब मांडून कोटेशन पाठवतात, आणि आपण त्यांपैकी दोघांना साधे ‘नको’ कळवण्याचेही सौजन्य दाखवत नाही. या फुकट फेऱ्यांचा खर्च कोठूनतरी निघालाच पाहिजे, आणि तो ज्याचे काम होते त्याच्या कोटेशनमधून निघतो. पाहणी फुकट असेल तर ती दहा मिनिटांचीच होणार. दहा मिनिटांत उगम सापडत नाही, म्हणून अनुभवी माणूस सुरक्षित बाजूला राहून मोठे काम सुचवतो. त्याला दोषही देता येत नाही, कारण छोटे काम सुचवून गळती राहिली तर शिव्या त्यालाच खाव्या लागतात. शिवाय टाइलखाली काय निघेल, हे फोडण्याआधी त्यालाही ठाऊक नसते. या अनिश्चिततेची किंमत तो एकूण रकमेत मिसळून ठेवतो. ती त्याने वेगळी दाखवली तर आपण लगेच ‘हे कशाचे?’ म्हणून घासाघीस करणार, हे त्याला अनुभवाने माहीत असते. याच्या उलट बाजूला सर्वांत कमी रक्कम सांगणारा असतो. पुष्कळदा तो कमी नफा घेणारा नसतो. कामातला एखादा भाग त्याच्या लक्षातच आलेला नसतो, किंवा तो मागाहून ‘एक्स्ट्रा’ म्हणून मागायचा असतो. तीन अपूर्ण अंदाजांतला सर्वांत लहान आकडा निवडणे म्हणजे अनेकदा सर्वांत मोठी विस्मृती निवडणे असते. कोटेशनमध्ये निदानाची ओळ नसते, कारण त्या ओळीचे पैसे आपण कधी दिलेलेच नाहीत. ही माझीही चूक होती आणि ती कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही.

म्हणून चौथ्या वेळी मी वेगळ्या रीतीने विचारले. एका प्लंबिंगच्या कारागिरांना सांगितले की दुरुस्तीचे कोटेशन आज नको आहे. फक्त पाणी कोठून येते ते शोधून द्यावे, त्यासाठी दोन दिवसांची त्यांची जी मजुरी होईल ती मी देईन, आणि पुढचे काम त्यांनाच मिळेल असे गृहीत धरू नये. त्यांना प्रथम नवल वाटले. ‘शोधायचे पैसे कोणी देत नाही’, असे ते म्हणाले. पेन्सिलच्या रेघा आणि तारखा पाहिल्यावर मात्र त्यांनी निम्मे प्रश्न विचारलेच नाहीत. त्यांनी बाथरूमच्या जमिनीवरचा सांडपाण्याचा ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी अडवून धरणारा वाकडा भाग, बुचाने बंद केला, जमिनीवर तीन-चार बोटे पाणी साठवले, त्यात रंग मिसळला, भिंतीवर पातळीची खूण केली आणि २४ तास ते तसेच ठेवले. पातळी बाष्पीभवनाने उतरावी एवढीच, नाममात्र उतरली आणि खालच्या छतावर काही आले नाही. याचा अर्थ फरशीचे सांधे आणि जमीन-भिंतीचा कोपरा शाबूत होते. मग त्यांनी बूच काढून सगळे पाणी सोडून दिले. दीड-दोन तासांनी छताच्या डागावर रंगीत थेंब दिसू लागले. दोष ट्रॅप आणि त्याच्या पुढच्या पाइपच्या सांध्यात होता. साठलेले पाणी तेथपर्यंत पोहोचत नव्हते, वाहते पाणी पोहोचत होते. यासाठी संपूर्ण बाथरूम फोडण्याची गरज नव्हती. ट्रॅपभोवतीच्या पाच टाइल काढून सांधा नवा करणे पुरेसे होते. हे निदान रंगीत पाण्याने दोन दिवसांत झाले; ते झाले नसते तर सल्ल्याप्रमाणे मी संपूर्ण बाथरूम फोडून बसले असते.

या शोधानंतर त्यांनी जे कोटेशन दिले, ते मला इतर घरमालकांना दाखवावेसे वाटते. त्याच्या पहिल्या ओळीत दोष काय आहे आणि तो कोणत्या चाचणीने ठरला, हे लिहिले आहे. त्याखाली कामाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात जे निश्चित करायचे आहे ते नगाने आणि मापाने मांडले आहे: इतक्या टाइल, इतका पाइप, सांधा अमुक प्रकारचा, राडारोडा नेण्यासह. दुसऱ्या भागात जे फोडल्यावरच कळेल ते ‘आढळल्यास’ या शब्दाने सुरू होते: पुढचा पाइप खराब आढळल्यास प्रत्येक फुटास हा दर, आणि तेही आधी फोटो दाखवून व लेखी होकार घेऊन मगच काम. सांधा नवा केल्यावर टाइल बसवण्यापूर्वी पुन्हा पाणी सोडून मला दाखवायचे, अशी अट त्यांनी स्वतःहून घातली, कारण एकदा टाइल बसल्या की त्यांच्याकडेही सांगायला पुरावा उरत नाही. छताचे काम त्यांनी आपल्याकडे घेतले नाही. ते गवंड्याचे आहे, असे सरळ लिहिले. मला हा प्रामाणिकपणा दहा वर्षांच्या गॅरंटीपेक्षा मोलाचा वाटला. पैशांचे हप्तेही दिवसांवर बांधलेले नसून कामाच्या टप्प्यांवर बांधलेले आहेत, आणि शेवटचा हप्ता छताचा डाग महिनाभर वाढला नाही, हे पाहून द्यायचा आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, ओघळणारा नळ दुरुस्त करायला कोणी निदानाचे पैसे देत बसणार का? देऊ नयेत. जेथे दोष डोळ्यांना दिसतो, तेथे सरळ कोटेशनच पुरे. परंतु ओल, गळती, भिंतीच्या चिरा, वारंवार उडणारा विजेचा फ्यूज अशा कामांत दिसते एक आणि असते दुसरेच. तेथे निदान हे दुरुस्तीइतकेच कौशल्याचे काम आहे आणि त्याला स्वतंत्र मोबदला असायला हवा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निदान करणाराच पुढे दुरुस्ती करणार असेल, तर त्याने पैसे घेऊनही मोठाच रोग सांगायला काय हरकत? हरकत काही नाही. म्हणूनच निदान चाचणीसह लेखी असावे, म्हणजे तोच कागद दुसऱ्या कारागिराला दाखवून दर विचारता येतो. तीन कोटेशने घेण्याचा जुना सल्ला नेमका या टप्प्यावर उपयोगाचा ठरतो, कारण आता तिघेही एकाच कामाचा दर सांगत असतात. माझ्या मते तो सल्ला चुकीचा नाही, फक्त एक पायरी आधी दिला जातो.

आपल्या दैनिकाला माझी विनंती अशी आहे की, घराविषयीच्या पुरवणीत रंगसंगती आणि सजावटीला जेवढी जागा मिळते, तिच्यातला थोडा भाग कोटेशन कसे वाचावे आणि कसे मागावे यासाठी द्यावा. एखाद्या अनुभवी अभियंत्याकडून आणि एखाद्या अनुभवी कारागिराकडून, शक्यतो दोघांना एकत्र बसवून, दुरुस्तीच्या कोटेशनचा एक साधा नमुना तयार करून घ्यावा आणि तो छापावा. कारागिरांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनीही पाइप जोडायला शिकवताना सापडलेला दोष चार ओळींत लिहायला शिकवावे. माझ्याकडे आलेल्या चौघांपैकी एकालाही लिहिण्याचा कंटाळा नव्हता. दोष लिहून द्या, असे त्यांना आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

सांधा बदलून आता पाच आठवडे झाले आहेत. डाग शेवटच्या रेघेच्या आत आहे आणि कडेने फिकट होत चालला आहे. गवंड्यांनी सळ्या साफ करून मसाला भरला आहे, परंतु तो भाग अजून गार लागतो, म्हणून रंगाचे काम थांबवले आहे. घरी येणारा प्रत्येक जण छताकडे पाहून ‘अजून रंग नाही दिला?’ असे विचारतो. त्याला मी कोटेशनची शेवटची ओळ दाखवते: ‘छत पूर्ण वाळल्याखेरीज रंग लावू नये, घरमालकांनी घाई केल्यास जबाबदारी त्यांची.’

आपली विश्वासू,
एक निवृत्त लेखापरीक्षक